सिएनाची भूमी: ठरवून घडवलेलं सौंदर्य

इटलीच्या टस्कनीतला सिएना प्रांत पाहायला लोक साधारण तीन कारणांनी येतात: मध्ययुगीन चित्रं, सायप्रसच्या रांगांनी आखलेल्या टेकड्या आणि वाइन. प्रवासाच्या पुस्तकांत या तिन्हींची प्रकरणं वेगळी असतात आणि पाहणाराही ती वेगवेगळीच पाहतो. सकाळ संग्रहालयात, दुपार टेकड्यांच्या रस्त्यांवर, संध्याकाळ एखाद्या तळघरातल्या पिपांजवळ. हा प्रांत अनुभवताना माझी मात्र उलट खात्री पटत गेली. ही तीन आकर्षणं नाहीत, एकाच गोष्टीची तीन रूपं आहेत. जमीन कशी वापरायची, शहर कसं दिसायला हवं, कोणत्या पिकाला कोणतं नाव द्यायचं, हे इथल्या माणसांनी एकत्र बसून ठरवलं, लिहून ठेवलं, कधी पाळलं, कधी मोडलं आणि पुन्हा ठरवलं. आज डोळ्यांना सुखावणारं जे दिसतं ते या ठरवण्यातून आलं आहे. हे ध्यानात घेतलं नाही, तर सिएना सुंदर दिसेल, पण कळणार नाही.

या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा सिएनाच्या नगरभवनात, पालात्सो पुब्लिकोत, भिंतीवरच रंगवलेला आहे. 1287 ते 1355 या काळात सिएनावर नऊ जणांच्या मंडळाचं राज्य होतं. हे नऊ जण प्रामुख्याने व्यापारी-सावकार वर्गातले. त्यांची मुदत जेमतेम दोन महिन्यांची असे आणि तेवढा काळ ते याच इमारतीत मुक्कामाला असत. त्यांच्या बैठकीच्या दालनात आंब्रोजो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये सुशासन आणि कुशासन यांची चित्रं रंगवली. सुशासनाच्या भिंतीचा जवळजवळ अर्धा भाग शेतीला दिलेला आहे, याचं मला राहून राहून विशेष वाटतं. नांगरणी, पेरणी, मळणी ही वर्षभराची कामं एकाच वेळी चाललेली आहेत, उतारांवर द्राक्षाचे मळे आहेत, खेचरांवर माल लादून माणसं वेशीकडे निघाली आहेत आणि एक शेतकरी काळ्या अंगावर पांढरा पट्टा असलेलं डुक्कर हाकत शहराकडे चालला आहे. ‘चिंता सेनेझे’ नावाची ही जात आजही या प्रांतात पाळली जाते. समोरच्या भिंतीवर कुशासन आहे. तिथे शेतं ओसाड आहेत, गावं जळताहेत आणि रस्त्यावर फक्त शस्त्रधारी दिसतात. राज्यकर्त्यांनी निर्णय घेताना डोळ्यांसमोर काय ठेवावं, तर वेशीबाहेरची जमीन, असा या दालनाचा अर्थ आहे. ज्या काळात चित्रातला निसर्ग बहुतेक वेळा संतांच्या मागची पार्श्वभूमी म्हणून येई, त्या काळात इथे तो राज्यकारभाराची कसोटी म्हणून आला.

चित्रात मांडलेला हा विचार कायद्यातही उतरलेला दिसतो. सिएनाची राज्यघटना 1309-10 मध्ये लॅटिनमधून लोकभाषेत आणि मोठ्या अक्षरांत लिहवून घेतली गेली. लॅटिन न शिकलेल्या गरिबालाही ती वाचता यावी हा हेतू त्यामागे स्पष्ट होता. राज्य करणाऱ्याने नगराच्या सौंदर्याची काळजी वाहिली पाहिजे, कारण त्यात नागरिकांचा मान आणि परक्यांचा आनंद आहे, असा विचार तिच्यात आहे. त्याआधीच, 1297 मध्ये, कांपो या मुख्य चौकाकडे तोंड करणाऱ्या घरांच्या खिडक्या कशा असाव्यात याचा नियम झाला होता. चौकाची विटांची फरसबंदी नऊ भागांत विभागलेली आहे आणि ती त्या नऊ जणांची खूण मानली जाते. शिंपल्यासारखा उतरता असा हा चौक पाहताना त्याची सुसंगती आपोआप जुळून आली असावी असं वाटतं. पण त्या सुसंगतीमागे घरमालकांना बांधून घेणारा नियम आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सिएनाची खरी कीर्ती धार्मिक चित्रांची आहे. दुच्चोने 1308 ते 1311 या काळात रंगवलेली ‘माएस्ता’, म्हणजे सिंहासनावर बसलेली मेरी, पूर्ण झाली तेव्हा 9 जून 1311 रोजी ती वाजतगाजत चित्रशाळेतून कॅथेड्रलमध्ये नेली गेली. सोन्याच्या वर्खातल्या या मेरीचा गव्हाच्या शेताशी काय संबंध? माझं उत्तर असं की संबंध पैशाचा आहे आणि मातीचाही. कॅथेड्रलसमोरचं सान्ता मारिया देल्ला स्काला हे रुग्णालय यात्रेकरू, अनाथ मुलं आणि आजारी यांना आसरा देत असे. त्याच्या यात्रेकरूंच्या दालनात दोमेनिको दी बार्तोलो आणि इतरांनी 1440 च्या दशकात रुग्णसेवेची चित्रं रंगवली. या सेवेचा आणि चित्रांचा खर्च निघाला तो दानात मिळालेल्या शेतजमिनींतून. शहराच्या दक्षिणेला कूना इथे रुग्णालयाचं तटबंदीचं धान्यकोठार अजून उभं आहे. किल्ल्यासारखी तटबंदी धान्याभोवती उभारावी लागली, यावरून त्या धान्याचं मोल समजतं. मातीचा संबंध तर त्याहून थेट आहे. चित्रकाराच्या पेटीतला ‘बर्न्ट सिएना’ हा रंग लोह आणि मँगनीज असलेल्या मातीपासून होतो आणि ती माती आमियाता पर्वताच्या परिसरातून काढली जाई. सिएनाचं नाव जगभरच्या चित्रशाळांत पोचवलं ते या मातीने.

आता टेकड्यांकडे वळू. सिएनाच्या आग्नेयेला क्रेते सेनेझी हा चिकणमातीचा प्रदेश आहे. लाखो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्याच्या गाळाची ही माती आहे. उन्हात ती दगडासारखी घट्ट होते, पावसात निसरडी होऊन वाहून जाते. क्षारांनी पांढुरके पडलेले घुमटासारखे उंचवटे, ज्यांना तिथे बियांकाने म्हणतात, याच मातीचे. या उजाड मुलखात 1313 मध्ये सिएनाच्या धनिक घराण्यातला बर्नार्दो तोलोमेई एकांतासाठी गेला आणि त्यातून माँते ओलिवेतो माज्जोरे हा मठ उभा राहिला. मठाच्या ओवरीत लूका सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांनी संत बेनेडिक्टचं चरित्र रंगवलं आहे. आणखी दक्षिणेला ओर्चा नदीचं खोरं, वाल दोर्चा. त्याला 2004 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. चौदाव्या-पंधराव्या शतकांत सिएनाच्या धनिकांनी हा प्रदेश वसवताना चांगला कारभार आणि देखणेपण या दोन्हींचा आदर्श समोर ठेवला, हे त्या मान्यतेमागचं कारण. खोऱ्याच्या कडेवर पिएन्झा आहे. दुसरा पायस या पोपने 1459 पासून आपल्या जन्मगावाचा बेर्नार्दो रोस्सेल्लिनोकडून कायापालट करून घेतला आणि आपल्या वाड्याची मागची बाजू सज्जा व बागेसह खोऱ्याकडे उघडी ठेवली. खोऱ्याकडे पाहत राहावं म्हणून घराची रचना बदलणं, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

सगळ्यांत बोलका दाखला मात्र विसाव्या शतकातला आहे. टेकडीवरून वळणं घेत चढणारी सायप्रसची जी वाट दिनदर्शिकांवर हमखास दिसते, ती ला फोचे या इस्टेटीजवळची आहे. आयरिस आणि अंतोनियो ओरिगो या दांपत्याने 1924 च्या सुमारास धुपून गेलेली ही जमीन घेतली, ओघळी बुजवल्या, रस्ते काढले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा आणि दवाखाना चालवला. सायप्रसची वाट त्याच कामाचा भाग आहे. अनादि वाटणारं हे दृश्य शंभर वर्षांपलीकडचं नाही. हे कळल्यावर त्याची मोहिनी कमी व्हावी असं कुणाला वाटेल. मला ती वाढलेली वाटते, कारण आता त्या वाटेत धूप थांबवण्यासाठी झिजलेल्या माणसांचे कष्ट दिसतात.

वाइनची गोष्टही याच सूत्रात बसते. 1716 मध्ये टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने कियान्तीसह काही वाइनप्रदेशांच्या सीमा हुकमाने आखल्या. अशा कायदेशीर सीमांकनाच्या जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. माँताल्चिनो गावच्या ब्रुनेलो वाइनचा नियम तर काटेकोर आहे: द्राक्ष फक्त सांजोवेझे, त्याच गावाच्या हद्दीतलं, किमान दोन वर्षं लाकडी पिपात आणि विक्री सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीपासून. 1960 च्या दशकात ब्रुनेलोची लागवड शंभर हेक्टरांच्याही आत होती आणि गाव गरीब होतं. आज ती दोन हजार हेक्टरांच्या वर आहे. 2008 मध्ये काही उत्पादकांनी दुसरी द्राक्षं मिसळल्याच्या संशयावरून चौकशी झाली, तेव्हा नियम सैल करावा असा सूर निघाला. उत्पादकांनी मतदान घेतलं आणि शंभर टक्के सांजोवेझेचा नियम कायम राखला. सांजोवेझेत आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही ठसठशीत असतात, म्हणून ब्रुनेलो मुरायला वेळ लागतो. पेल्यात जी चव लागते तिच्यात माती आणि ऊन आहे, तसा धीर धरण्याचा हा सामुदायिक निर्णयही आहे.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप या सौंदर्याच्या किमतीबद्दल आहे. टेकडीमाथ्यावरच्या बहुतेक देखण्या दगडी घरांत अर्धेलीची कुळं राहत होती. जमीन आणि घर मालकाचं, घाम सगळ्या कुटुंबाचा आणि पीक निम्मं-निम्मं. मालकाच्या परवानगीशिवाय लग्न ठरवणंही कुळाला अवघड असे. कूळकायद्याच्या महाराष्ट्रातून जाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. इटलीत 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, पण त्याआधीच कुटुंबं शहरांकडे निघाली होती आणि ओस पडलेल्या जमिनींवर सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ येऊन स्थिरावले. पिएन्झाच्या प्रसिद्ध मेंढीच्या चीजमागे त्यांचेही हात आहेत. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. सुशासनाच्या भिंतीवरही शेताच्या वर तरंगणाऱ्या ‘सुरक्षितते’च्या हातात फाशी दिलेला माणूस आहे. चित्रकाराने ते झाकलेलं नाही, आपणही झाकू नये. पण यातून माझा मुद्दा खोडला जात नाही. निर्णय अन्याय्य असू शकतात, आणि निर्णय असतात म्हणूनच ते बदलता येतात. अर्धेली गेली तरी टेकड्या राहिल्या, हे त्याचंच प्रत्यंतर.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा: 1555 मध्ये सिएनाचा पाडाव झाला, ती फ्लॉरेन्सच्या मेदिचींच्या हाती गेली आणि मागे पडली. बदल करायला पैसाच नव्हता म्हणून सगळं टिकलं, यात शहाणपण कसलं? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे बरंचसं खरं आहे. पण पैसा आला त्यानंतर काय झालं ते पाहायला हवं. 1950 च्या दशकात लुइजी पिच्चिनातो यांच्या नगर-आराखड्याने तटबंदीच्या आत शिरलेल्या हिरव्या दऱ्या बांधकामापासून वाचवल्या. 1960 च्या दशकात, इटलीतली बाकीची शहरं चौकांत मोटारी उभ्या करत असताना, सिएनाने जुन्या गावातून मोटारी हटवल्या. वाल दोर्चातल्या पाच गावांनी एकत्र येऊन आपलं खोरं संरक्षित केलं. गरिबीने जे राखलं ते समृद्धीत सोडून देणं सोपं होतं. तसं झालं नाही.

धोका संपलेला मात्र नाही. पूर्वी एकाच शेतात गहू, ऑलिव्ह आणि मेपलच्या झाडांवर चढवलेले वेल असत. आता यंत्राच्या सोयीने उतारावर सलग द्राक्ष लागतं आणि माती वाहून जाते. घरं पाहुण्यांसाठी सजतात आणि गावातली मुलं भाडं परवडत नाही म्हणून बाहेर पडतात. म्हणूनच या प्रांताकडे तयार देखावा म्हणून पाहणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडच्या युरोप सहलींत टस्कनी म्हणजे बहुधा पिसाचा मनोरा आणि फ्लॉरेन्समधली एक धावती दुपार असते. ज्यांना सिएनाला जाता येईल त्यांनी आधी लोरेन्झेत्तीच्या दालनात पुरेसा वेळ घालवावा, मग टेकड्यांवर जावं आणि वाइन सर्वांत शेवटी चाखावी. या क्रमाने गेलं की प्रत्येक बांधाशी, प्रत्येक रांगेशी एक प्रश्न मनात येतो: हे कुणी ठरवलं, कुणाच्या भल्यासाठी, आणि आज ते कोण सांभाळतं आहे? सौंदर्य हा सार्वजनिक जबाबदारीचा विषय आहे, हे सिएनाने सातशे वर्षांपूर्वी लोकभाषेत लिहून ठेवलं. ते वाचून आल्यावर आपापल्या गावाकडे, नदीकडे आणि डोंगराकडे बघतानाही तोच प्रश्न विचारण्याची सवय लागते. या प्रवासाचं खरं फळ मला त्यात दिसतं.