बंद पाकीट खरोखर बंद आहे काय?

हिंदुस्थानांत पोस्टकार्ड १८७९ सालच्या जुलै महिन्यांत निघालें. किंमत अवघा पाव आणा. त्यामुळें गोरगरिबांसहि पत्र पाठविणें परवडूं लागलें. पण कार्डावर लिहिलेलें सारेंच उघडें. आमच्या कामरगांवासारख्या वऱ्हाडांतील खेड्यांत ज्यांस वाचतां येत नसे, त्यांचें पत्र पोस्टमन किंवा शाळामास्तर वाचून दाखवी. आणि एकदां तें ओट्यावर वाचलें गेलें, कीं कोणाची सोयरीक मोडली, कोणास क्षय जडला, कोणाचें कर्ज थकलें, हें दिवस मावळण्यापूर्वीं वेशीपर्यंत पोहोंचे. म्हणून जें झांकावयाचें तें लोक पाकिटांत घालीत.

आज कारंजा तालुक्यांतील या गांवांत पत्रें फारशीं येत नाहींत. मोबाईल मात्र घरोघर आहेत. तरी पाकिटाचा प्रश्न सुटलेला नाहीं, त्याचें रूप तेवढें पालटलें आहे. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभीं ‘एचटीटीपीएस्’ हीं अक्षरें असलीं, म्हणजे मजकूर पाकिटांत गेला असें समजावें. परंतु पाकिटावरील पत्ता वाटेवरच्यास दिसतोच. आपण कोणत्या दवाखान्याचें किंवा कोणत्या पेढीचें दार ठोठावलें, हें इंटरनेट पुरविणाऱ्यास कळूं शकतें. व्ही. पी. एन्., म्हणजे आभासी खासगी जाळें, हें आपलें पाकीटच एका कुलूपबंद थैलींत घालून मध्यस्थाकडे पाठवितें. मध्यस्थ थैली उघडतो आणि पाकीट पुढें धाडतो. वाटेवरच्यास केवळ थैली दिसते, आणि पलीकडच्यास आपल्याऐवजीं मध्यस्थाचा पत्ता दिसतो.

माझी एक पुतणी २०२० सालच्या सांथीपासून कामरगांवीं घरींच बसून परदेशांतील रुग्णालयांचे हिशेब तपासण्याचें काम करते. रोग्यांचीं नांवें, त्यांचे आजार, त्यांवर झालेला खर्च, हें सारें तिच्यापुढें उघडतें. त्यांपैकीं बहुतेकांनीं वाशिम जिल्ह्याचें नांवहि ऐकलें नसेल; तरी त्यांचीं गुपितें रोज सायंकाळीं आमच्या माजघरांत येऊन बसतात. व्ही. पी. एन्. जोडल्यावर पडद्यावर हिरवें चिन्ह उमटतें, तरी ती लगेच कामास लागत नाहीं. तिची आई एकदां म्हणाली, “अवो पोरी, हिरवा दिवा तं लागला, मंग आतां काय पाहून राहिली?” त्यावर ती म्हणाली, “दिवा लागला म्हंजे दाराची कडी लागली असं थोडंच हाय, आई.”

तिचें म्हणणें मला रास्त वाटतें. तो हिरवा दिवा स्वतः व्ही. पी. एन्. च लावतें, आरोपीनें आपणच आपली साक्ष द्यावी तसा हा प्रकार! खरी पारख बाहेरून करावयाची असते. आपला आय. पी. पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील आपल्या घराचा क्रमांक, दाखविणारीं संकेतस्थळें आहेत. प्रथम जोडणी बंद ठेवून तो क्रमांक टिपून घ्यावा, मग जोडणी सुरू करून पुन्हां पाहावा. दुसऱ्या वेळीं मध्यस्थाचा क्रमांक दिसला पाहिजे. आपलाच दिसला, तर थैली फाटकी आहे.

येथें एक खोंच आहे. घराचे क्रमांक दोन पद्धतींचे असतात, जुने आखूड व नवे लांब, लांबांस आय. पी. व्ही. ६ म्हणतात. आपल्याकडील मोबाईल जाळ्यांवर हे लांब क्रमांक सर्रास चालतात, आणि पुष्कळ व्ही. पी. एन्. आखूड क्रमांक झांकून लांब तसाच उघडा टाकतात. २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं अँड्रॉइड मोबाईलवरील असल्या २८३ ॲप्सची परीक्षा केली. त्यांत शेंकडा ८४ ॲप्समधून लांब क्रमांकाची वाहतूक गळत होती, आणि शेंकडा १८ तर मजकूर कुलुपांत घालीतच नव्हतीं! म्हणून दोन्ही क्रमांक पाहावे.

दुसरी गळती नांवांची. संकेतस्थळाच्या नांवावरून त्याचा क्रमांक सांगणारी जी व्यवस्था आहे, तिला डी. एन्. एस्. म्हणतात. ही विचारपूस थैलीबाहेरून झाली, तर सारा खटाटोप फुकट. पडदा लावलेल्या दमणींतून निघावें, आणि चौकांत उतरून पानवाल्यास पाहुण्याचें घर विचारावें, तशांतली गत. हीहि गळती दाखविणारीं संकेतस्थळें आहेत. उत्तर देणाऱ्यांत आपल्या नेहमींच्या कंपनीचें नांव आलें, तर समजावें कीं पानवाल्यास कळलें.

तिसरी परीक्षा आमच्या गांवीं वीज आपोआप घेते. वीज गेली कीं घरांतील वायफाय विझतें आणि मोबाईल निमूटपणें दुसऱ्या जाळ्यावर उडी घेतो. त्या क्षणीं थैली सुटते. चांगल्या व्ही. पी. एन्. मध्यें अशी सोय असते कीं जोडणी तुटतांच सर्व दळणवळण थांबावें. ती सोय सुरू आहे कीं नाहीं, हें वीज जाण्याची वाट न पाहतां स्वतः वायफाय बंद करून पाहतां येतें.

मात्र कचेरीचें व्ही. पी. एन्. कधीं कधीं केवळ कचेरीचेंच टपाल थैलींत घालतें, बाकीचें नेहमींच्या वाटेनें जाऊं देतें. तेथें बाहेरचा क्रमांक पालटला नाहीं म्हणून घाबरूं नये. कचेरीच्या तंत्रज्ञास विचारावें. पुतणीनें तसें विचारून घेतलें आहे.

आणि थैली शाबूत असली तरी ती उघडणारा मध्यस्थ कोण? ओनावो नांवाचें फुकट व्ही. पी. एन्. फेसबुकनें २०१३ सालीं विकत घेतलें, आणि लोक कोणतीं ॲप्स किती वापरतात याची माहिती त्यांतून स्वतःच्या व्यापारासाठीं गोळा केली. २०१८ सालीं तें ॲपलच्या दुकानांतून निघालें व २०१९ सालीं बंद पडलें. २०२३ सालीं ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानें त्या प्रकरणीं २ कोटी डॉलर दंड केला. त्याची थैली फाटकी नव्हती, थैलीवालाच चहाडखोर होता. आपल्या सरकारनेंहि एप्रिल २०२२ मध्यें असा हुकूम काढला, कीं व्ही. पी. एन्. विकणाऱ्यांनीं ग्राहकांचीं नांवें, पत्ते व क्रमांक ५ वर्षें जपून ठेवावे. त्यावर कित्येक परदेशी कंपन्यांनीं आपलीं यंत्रें भारतांतून हलविलीं. गुन्हेगार सांपडावे हा सरकारचा हेतु मी समजूं शकतों. पण जी यादी ठेवलीच नाहीं ती चोरीस जात नाहीं, हेंहि मला तितकेंच खरें वाटतें.

पुतणीच्या धाकट्या भावानें क्रिकेटचे सामने पाहण्यासाठीं असेंच एक फुकट ॲप घेतलें होतें. तिनें ओट्यावर बसून त्याची परीक्षा केली. आखूड क्रमांक सातासमुद्रापलीकडचा, लांब मात्र अगदीं आपला, आणि पानवाल्याच्या जागीं नेहमींचीच कंपनी! तें ॲप तिनें तत्काळ काढून टाकविलें. भावानें दोन दिवस तिच्याशीं अबोला धरला.