कोरी जागा

परवा शनिवारी एआयला सांगितलं, ठाकूरद्वारची चाळ चायनीज शैलीत काढ. पठ्ठ्याने लाल कंदील, ड्रॅगन आणि वर पॅगोड्याचं छप्पर चढवलं! चूक माझीच. 'चायनीज' ही काय एक शैली आहे? गोंगबी म्हणजे बारीक रेषा आणि रंग, श्वेइमो म्हणजे नुसती शाई आणि पाणी. मग लिहिलं: काळी शाई, ओला ब्रश, पाऊस, लाकडी गॅलरी, अर्धा कागद कोरा. कोरं सोडण्याला तिकडे 'ल्यूबाय' म्हणतात. धुकं रंगवायचं नाही, कागदच सोडायचा.

यावेळी जमलं. आईला दाखवलं. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, फोटो एकही नाही. तिने कोऱ्या भागावर बोट ठेवलं, "आपली खोली इथे होती रे."

असो. पुढच्या शनिवारी पुन्हा बसतो. यावेळी प्रॉम्प्ट आई सांगणार.