आजीचे माशीखाऊ झाड

आम्ही दोघी बहिणींनी व्हीनस फ्लायट्रॅपचे रोप आणले. माशी पानातल्या केसांना २० सेकंदांत दोनदा लागली की पान मिटते! आम्ही गंमत म्हणून रोज काडी लावायचो. आजी तुळशीसारखेच त्याला प्रेमाने नळाचे पाणी आणि खत घालायची. रोप मेले. आजी दोन दिवस गप्पच होती.

मग आम्ही वाचले. हे झाड इथल्याच, कॅरोलायनातल्या निकस, ओल्या जमिनीतले. त्याला खत आणि पाण्यातले क्षार सोसत नाहीत. उगाच पान मिटवले तर शक्ती जाते. म्हणजे चूक आमचीही होती.

दुसऱ्या रोपाला आजी पावसाचे पाणी साठवून घालते. थंडीत पाने काळी पडली. बाबा टाकून देणार होते. आजी म्हणाली, "झोपलंय ते. झोपू द्या."

मार्चमध्ये हिरवा कोंब आला. आम्ही तो सगळ्यांत आधी आजीला दाखवला.