चार सऱ्या

परवा गॅलरीतल्या दोरीवरून मुलीचा पांढरा शर्ट काढायला गेलो, तर खांद्यावर एक काळं पातं चिकटलेलं. पातं कसलं, नुसती राख. शिरा मात्र जशाच्या तशा. बोटाने उडवायला गेलो आणि व्हायचं तेच झालं, शर्टभर काळी रेघ. सोसायटीच्या ग्रुपवर एव्हाना चौकशी सुरू झाली होती : कोण कचरा जाळतंय? कचऱ्याच्या धुराला प्लॅस्टिकचा कडवटपणा असतो. हा धूर गोडसर होता. नदीपलीकडे, कोलवडीच्या अंगाला कुणाचा तरी ऊस तुटून गेला होता आणि मागे पाचट पेटलं होतं.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर दोन श्वास जास्तच घेतले.

मांजरी बुद्रुकला आमचा मळा होता. तोडणीची टोळी वाढे विकून, कोप्या मोडून पुढच्या गावाला गेली की एखाद्या संध्याकाळी वडील चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघायचे. रानात ढोपरभर पाचट. काडी लावायचा मान माझा. आधी नुसती कुजबुज, मग फरफर, मग एकदम आडव्या पावसासारखा आवाज. उंदीर बांधाकडे धावायचे आणि त्यांच्यामागे आमचं कुत्रं. त्या उजेडात वडिलांचा चेहरा मला फार आवडायचा. एरवी ते हसत नसत.

ओट्यावर आत्या बसलेली असे. तिला दमा होता. हिवाळ्यात पहाटे दार किलकिलं करून ती हात बाहेर काढायची, तळवा खाली. मनगटावर ओल आली तर धुई. हात कोरडा राहिला तर धूर. धुई असली की गोठ्याकडे जायची. धूर असला की कडी लावून, पदर नाकाशी धरून उन्हं वर येईपर्यंत बसून राहायची. बांगड्या कोपराकडे सारलेला तो हात मला अजून दिसतो, आणि त्याच्यामागचं माणूस दिसत नाही.

माझी मुलगी मोबाइल बघते. पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेने 2013 साली पुण्यासाठी हवेची प्रत सांगणारं ‘सफर’ सुरू केलं. अडीच मायक्रॉनचे कण, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा-पंचविसावा हिस्सा. आपल्याकडे दिवसाची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. थंडीत रात्री जमीन लवकर निवते, गार हवा नदीच्या खोलगटात बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. संध्याकाळी लावलेला जाळ पहाटेपर्यंत गावातच मुक्काम करतो. आत्याला यातलं फक्त शेवटचं माहीत होतं.

इथे इतिहास मध्येच येतो, त्याला इलाज नाही. खडकवासल्याचं धरण 1879 चं. बांधणाऱ्या फाइफ साहेबाचं नाव तलावाला होतं. मुठेचा उजवा कालवा पुण्याच्या पूर्वेला निघाला आणि जिथे पावसाच्या भरवशावर ज्वारी-बाजरी उभी राहायची, तिथे ऊस आला. ज्वारीचा कडबा गुरं खात. उसाचं वाळलेलं पाचट गुरंही खात नाहीत. साहेबाने पाण्याचा हिशेब केला, पाचटाचा कुणी केला नाही.

केला म्हणा, पण उशिरा. आणि गंमत बघा, तो करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आमच्याच मांजरीत. तिथले लोक सांगायचे, हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, ते जाळू नका. बुडखे मोकळे ठेवून सरीत दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट, जिवाणू टाका, पाणी वाचेल. वडील ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन म्हणायचे, ‘त्यांना पगार आहे.’ पाचटात साप निघतो, उंदीर खोडवा कुरतडतात, पाणी पुढे सरकत नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं.

एका वर्षी आत्या म्हणाली, ‘दादा, घराकडच्या चार सऱ्या माझ्यासाठी सोड.’ तिचं तोंड बंद करायला त्यांनी सोडल्या. एप्रिलमध्ये बाकीच्या रानाला पाळी चुकली की भेगा पडत. त्या चार सऱ्यांत पाचट बाजूला केलं की खाली ओल, गांडुळं, आणि खोडवा हिरवागार. आत्याने वडिलांना हाताला धरून नेऊन दाखवलं. त्यांनी माती चिमटीत घेतली, सोडली, म्हणाले, ‘पाटाचं पाणी झिरपतंय इथं.’

पुढच्या वर्षी सगळं रान पेटवलं. या वाक्याचा राग मी वडिलांवर कितीतरी वर्षं धरला. काडी माझ्या हातात होती, हे मात्र सोयीने विसरायचो.

आत्या गेली, मग वडील. जमीन विकली गेली. आमच्या या सोसायटीच्या तळघरासाठी काळी माती पोकलेनने खणून डंपरने नेली, दोन वर्षं सिमेंटची धूळ उडत होती. तिला वास नसतो म्हणून असेल, किंवा तिच्यातून फ्लॅट निघतात म्हणून, ग्रुपवर तिची तक्रार कुणी करत नाही. 2021 मध्ये गाव महापालिकेत गेलं. पाण्याला अजून टँकर आहेतच.

शर्ट भिजत घालून खाली उतरलो. चिंचेचं झाड राखलंय, त्यावरून अंदाज घेत पावलं मोजली. आत्याच्या सऱ्या टँकर उभा राहतो तिथे येतात. नळी गळत असावी; तेवढीच फरशी ओली, कडेला हिरवं शेवाळ. वॉचमन म्हणाला, ‘साहेब, किती वेळा सांगितलं, कुणी दुरुस्त करत नाही.’

मी म्हटलं, ‘पाटाचं पाणी झिरपत असेल.’

तो माझ्याकडे बघतच राहिला.