खाऱ्या हवेतला व्हॉल्व्ह

आज अ‍ॅम्प्लिफायरच्या बफरला ईसीसी८२ व्हॉल्व्ह बसवला. कॅथोड फॉलोअरच तो, आवाज वाढवत नाही. गेन एकाहून थोडा कमीच. मागच्या सर्किटवर भार न टाकता पुढच्या टीडीए२०३० चिपला सिग्नल द्यायचा, एवढंच काम. ते साधा ट्रान्झिस्टरही करतो. मग हिटरला १२.६ व्होल्ट आणि प्लेटला दोनशेच्या घरात, हा खटाटोप कशाला? हौस! ‘व्हॉल्व्हचा ऊबदार आवाज’ म्हणतात, त्यातला निम्मा त्या तांबूस उजेडाचाच असावा.

जयगडात खरं भांडण खाऱ्या वाऱ्याशी. सॉकेटच्या पितळी कॉन्टॅक्टवर हिरवट थर चढतो नि नाट्यगीतात खरखर घुसते. पावसाळ्यात तर विचारूच नका.

ब्लीडर रेझिस्टर अजून लावायचाय. तो नसला की बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर जबर झटका देतात. तोवर झाकण उघडायचं नाही.