शाळेच्या संगणकातला पायथॉन



आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर उबुंटू १८.०४ आहे. त्यात पायथॉन ३.६ आधीपासूनच असतो. सातवीची मुलं त्यावर पाढ्यांचे प्रोग्रॅम करतात. एकदा एक उदाहरण काही केल्या चालेना, सारखा 'सिंटॅक्स एरर'. शोधलं तर कळलं, त्यातली एक सोय ३.८ पासून आलेली आहे.

शाळा सुटल्यावर बसले. ३.८ टाकला, पण 'पायथॉन३' लिहिलं की जुनाच धावून यायचा. मग 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' ही आज्ञा वापरून त्या नावाची पाटी नव्याच्या दारावर लावली. आवृत्ती विचारली, ३.८! खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी टर्मिनलच उघडेना. क्लिक केलं की थोडं चक्र फिरायचं, मग काहीच नाही. सकाळी पहिल्यांदा संगणकावर एक मुलगी बसली होती.

"काय दाबलंस गं?"

"काहीच नाही मॅडम."

मी सगळ्यांसमोर तिला बोलले. परत हात लावायचा नाही, असंही म्हणाले.

दुपारी कारण सापडलं. उबुंटूमधलं टर्मिनल सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम स्वतःच पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. तो 'पायथॉन३'ला हाक मारतो. त्याला लागणारं 'जीआय' नावाचं मॉड्यूल तिथे ३.६ साठीच बांधलेलं. हाकेला ३.८ आला आणि अडकला. म्हणजे बिघाड माझाच!

टर्मिनलच नाही तर दुरुस्त कुठून करणार? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर काळा पडदा येतो, तिथे लॉगिन करून पाटी पुन्हा ३.६ वर लावली. मुलांसाठी ३.८ चं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं. ते सुरू केलं की आत 'पायथॉन३' म्हणजे ३.८, बाकी संगणकाला जुनाच. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोरच सांगितलं, चूक माझी होती, तिची नाही. आणि तिलाच पहिल्यांदा बसवलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही जुना काढूनच टाकला असता तर?"

"तर त्याच्यावर उभा असलेला डेस्कटॉपसुद्धा त्याच्याबरोबर गेला असता."

"बरं झालं नाही काढला," म्हणाली आणि टाइप करायला लागली.