रिक्वेस्ट, लिमिट आणि कोयनेचं पाणी

कुबरनेटीसमध्ये प्रत्येक कंटेनरसाठी चार आकडे लिहायचे असतात. सीपीयूची रिक्वेस्ट, सीपीयूची लिमिट, मेमरीची रिक्वेस्ट, मेमरीची लिमिट. बस्स. पण या चार आकड्यांवरून आमच्या हापिसात गेल्या महिन्याभरात जेवढी भांडणं झाली तेवढी अप्रेजलवरूनही झाली नसतील.

मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण माझं घर सांगलीचं आणि आजोळ पाटणचं. पाटण म्हणजे सातारा जिल्हा, कोयना धरण त्याच तालुक्यातलं. २०२३ साली पाऊस कमी झाला, कोयना पूर्ण भरली नाही, आणि सांगलीला पाणी कधी नि किती सोडायचं यावरून दोन जिल्ह्यांत चांगलंच पेटलं. पुढाऱ्यांचं पेपरात चालायचं, आमच्याकडे फोनवर.

"पाव्हणं, धरान तुमच्यात हाय म्हनून पानी बी तुमचंच व्हय?" इति बाबा.

"दाजी, गावं आमची बुडाली तवा धरान झालं. आन् ती वीज काय आम्ही एकटंच जाळतो का?" इति मामा.

दोघांचंही बरोबर. आई मधे पडून विषय बदलायची.

तर आमचं क्लस्टर. तीन टीम्स मिळून वापरतात. एके दिवशी नवीन पॉड 'पेंडिंग' मध्ये अडकला, कारण काय तर सीपीयू अपुरा. ग्राफ बघितला तर सोळा कोअरच्या मशीनवर जेमतेम तीन कोअर वापरात! असं होतं, कारण शेड्युलर वापर बघतच नाही. तो फक्त रिक्वेस्टची बेरीज करतो. प्रत्येकाने 'असू दे हाताशी' म्हणून दोन-दोन कोअर मागून ठेवले होते. कागदावर धरण वाटून संपलेलं आणि प्रत्यक्षात पाणी तसंच पडून. नवीन मशीन घ्यावं असा प्रस्तावही तयार होता. त्याआधी एकदा हिशोब करू म्हटलं, आणि ते काम अर्थातच माझ्याच गळ्यात पडलं.

काम करताना पहिल्यांदा लक्षात आलं की लोक सीपीयू आणि मेमरी एकाच मापाने मोजतात. दोघांचा स्वभाव पार वेगळा आहे, आणि हे मला कोयनेवरून जास्त चांगलं समजावता येतं.

कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे जातं, वीज करतं, वाशिष्ठीत पडतं आणि समुद्राला मिळतं. ते कृष्णेत परत येत नाही. या पश्चिमेच्या पाण्यावर बच्छावत लवादाने १९७०च्या दशकात मर्यादा घातली : एका जलवर्षात ६७.५ टीएमसी. जलवर्ष १ जूनला सुरू होतं, ३१ मेला संपतं. कोटा आधीच संपवलात तर टर्बाइन थांबवा आणि १ जूनची वाट बघा.

सीपीयूची लिमिट डिट्टो अशीच चालते. फक्त वर्ष १०० मिलिसेकंदांचं. समजा लिमिट एक कोअरची आहे, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत १०० मिलिसेकंद सीपीयू मिळणार. तुमच्या अ‍ॅप्लिकेशनचे आठ थ्रेड एकदम आठ कोअरवर धावले तर तो कोटा साडेबारा मिलिसेकंदांत खलास. उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळे थ्रेड हाताची घडी घालून बसणार. शेजारचे कोअर रिकामे असले तरी! सरासरी वापराचा ग्राफ मात्र छान शांत दिसतो, आणि इकडे युजर ओरडत असतो की पेज उघडत नाही.

लिमिट काढून टाकली तर? मग रिक्वेस्ट कामाला येते. सगळे एकदम मागायला लागले की कर्नल रिक्वेस्टच्या प्रमाणात सीपीयू वाटतो, आणि कोणी मागत नसेल तेव्हा ज्याला हवा त्याला देतो. कालव्याच्या पाळीसारखं, पण शेजाऱ्याला नको असेल तर त्याची पाळीही तुम्हाला. सीपीयू हे वाहतं पाणी आहे, या क्षणी वापरलं नाही तर गेलं, उद्यासाठी साठत नाही. म्हणून आपल्याच टीम्स असतील तर सीपीयूला लिमिट लावूच नये असं माझं मत आहे. (यावर इंटरनेटवर हाणामाऱ्या होतात, मला माहीत आहे. अनोळखी ग्राहकांचे कंटेनर चालवत असाल तर खुशाल लावा.)

मेमरी म्हणजे धरणातला साठा. ज्याने घेतली ती त्याने सोडेपर्यंत त्याचीच. इथे 'जरा हळू घे' हा प्रकार नाही. कंटेनरने लिमिट ओलांडली की कर्नल प्रोसेस मारतो, एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९. विषय संपला. आणि अख्ख्या मशीनचीच मेमरी भरत आली तर रिक्वेस्टपेक्षा जास्त खाणारे पॉड आधी हाकलले जातात. ज्याने रिक्वेस्टच लिहिलेली नाही त्याची रिक्वेस्ट शून्य धरतात, म्हणजे तो कायमच 'जास्त खाणारा'.

धरणं जुलै-ऑगस्टमध्ये काठोकाठ भरू देत नाहीत, तारखेप्रमाणे पातळी ठरवून येणाऱ्या पावसासाठी जागा रिकामी ठेवतात. ती जागा का लागते हे सांगलीकराला सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. मेमरीत मोकळी जागा ठेवली की आमचे मॅनेजर तिला 'वेस्टेज' म्हणतात. ते बंगलोरचे आहेत. असो.

आता खरं दुखणं. तिसरी टीम दोनच माणसांची. त्यांचा एक छोटासा जॉब महिनाअखेरीला कंत्राटी कामगारांच्या हजेरीचे रिपोर्ट काढतो. तो चार महिने लागोपाठ महिनाअखेरीलाच मरत होता. त्यांनी रिक्वेस्ट लिहिलीच नव्हती, कारण लिहायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या टीमचा जावा सर्व्हर महिनाअखेरीला फुगायचा आणि बळी जायचा याचा. रिपोर्ट उशिरा म्हणजे पगार उशिरा. कोणाचे? जे आमच्या मीटिंगमध्ये कधीच नसतात त्यांचे.

मला आटपाडी आठवली. कोयनेची वीज १९६०च्या दशकात सुरू झाली. आटपाडी, खानापूरसारख्या तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांनी १३ दुष्काळी तालुक्यांची चळवळ उभी केली ती १९९३ मध्ये. वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवल्या, मागणी नोंदवत राहिले. साताऱ्यातल्या टेंभूपासून पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आटपाडीत पोचायला त्यानंतरही खूप वर्षं गेली. कागदावर ज्याची मागणी नाही त्याच्यासाठी पाणी राखून ठेवत नाहीत, मग त्याची गरज कितीही खरी असो.

हिशोब करताना पहिल्यांदा दोन आठवड्यांचा वापर काढून द्या असं सांगण्यात आलं. मी पूर्ण तीन महिन्यांचा काढला. दोन आठवड्यांत महिनाअखेर आली नाही तर तो आकडा म्हणजे मे महिन्यात कोयनेची पातळी बघून ऑगस्टचा अंदाज बांधण्यातला प्रकार.

शेवटी ठरलं ते असं. मेमरीला रिक्वेस्ट आणि लिमिट सारखीच, तीन महिन्यांतला सर्वात जास्त वापर अधिक थोडी मोकळी जागा. सीपीयूला मोजून रिक्वेस्ट, लिमिट नाही. रिक्वेस्ट न लिहिलेला पॉड क्लस्टरवर चढूच द्यायचा नाही. हजेरीच्या जॉबला ७०० एमबी पुरतात, त्याला ९०० दिले. मोठ्या टीमच्या सीपीयू रिक्वेस्ट दोन कोअरवरून अर्ध्यावर आणल्या, नवीन मशीनचा प्रस्ताव बारगळला. त्यांचा लीड चिडलाय. "उद्या लोड वाढला तर?" म्हणतो. वाढला तर आकडा बदलू की! २०२५ मध्ये आलेल्या १.३३ आवृत्तीपासून चालू पॉड न मारताही तो बदलता येतो, तेव्हा बीटा होतं खरं. पण त्याला त्याचे दोन कोअर हवेत, वापरो न वापरो.

परवा ३१ तारीख झाली. रात्री साडेअकराला हजेरीचा जॉब संपला, एक्झिट कोड शून्य. लीडसाहेबांशी सोमवारी पुन्हा मीटिंग आहे.